कप्तानाचा खोळंबा

कप्तानाने समुद्र पाहिला तो फक्त कॅलेंडरवर. तरी सगळी गल्ली त्याला कप्तानच म्हणते. बायको एरवी "अहो"वर भागवते, पण तिने "कप्तानसाहेब" म्हटलं की समजावं, आज घरात वारं उलटं आहे. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. नखांत ग्रीस, खिशात टेस्टर आणि कान कायम कुठल्या तरी मोटरकडे लागलेले. कोणाकडे पाहुणा गेला तर आधी त्यांच्या लिफ्टची विचारपूस करतो, मग वेळ उरलाच तर त्यांच्या तब्येतीची.

अशा माणसाने अंतराळातला खेळ काढावा, त्याचं पुस्तक व्हावं, ते बुडावं आणि पुन्हा डोकं वर काढावं, हे गल्लीला पचायला जरा वेळच लागला. काहींना अजून पचलेलं नाही. ते त्याला भेटले की मुद्दाम लिफ्टबद्दलच बोलतात.

सुरुवात झाली ती एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतली माणसं घाबरतात. कोणी बटणं बडवतं, कोणी रडतं, कोणी एकदम कायद्याचं बोलू लागतं. कप्तानाचा जोडीदार वर मोटरच्या खोलीत चढायचा आणि कप्तान दाराच्या फटीशी मांडी घालून आतल्यांशी बोलत राहायचा. त्या दिवशी आत होत्या गाण्याच्या क्लासच्या बाई आणि औषधाच्या दुकानाचे मालक. बाईंना धाप लागलेली. कप्तानाने फटीतून सांगितलं, समजा ही लिफ्ट नाही, मालवाहू यान आहे आणि दोन ग्रहांच्या मधोमध बंद पडलंय. बाई, यंत्रं तुमच्याकडे. साहेब, हवेच्या टाक्या तुमच्याकडे, आणि त्यातली डावी गळतेय. काय करता बोला.

बाईंनी आधी त्याचा उद्धार केला. मग दम खाऊन विचारलं, "गळती वरच्या तोंडाला आहे की खालच्या?"

थोड्या वेळाने लिफ्ट सुटली, मजल्याशी आली, दार उघडलं. तर ही दोघं बाहेर येईनात. औषधवाले म्हणाले, थांबा हो, टाकी अजून भरायचीय. दवाखान्यातले पेशंट जिन्याने वर गेले, पण यान सुखरूप पोचलं.

दोघं पुढच्या रविवारी कप्तानाच्या घरी हजर. येताना आणखी दोघांना घेऊन आले. त्यातून खेळ उभा राहिला. नाव पडलं "खोळंबा". पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. यानात काय बिघडलं ते त्याने सांगायचं. बाकीचे यानातले लोक, म्हणजे कोणी मिस्त्री, कोणी डॉक्टर, कोणी स्वयंपाकी. आपण काय करणार ते ज्याने त्याने बोलून सांगायचं आणि दोन फासे टाकायचे. दान चांगलं पडलं तर दुरुस्ती झाली. वाईट पडलं तरी दुरुस्ती होतेच, फक्त दुसरीकडे काहीतरी नवीन बिघडतं. हा नियम कप्तानाने थेट आपल्या धंद्यातून उचलला होता. लढाई नाही, शत्रू नाही. बंदूक तर यानात आणायलाच बंदी.

कप्तानाच्या सासूबाई आधी नुसत्या कप उचलायला खोलीत यायच्या. एकदा स्वयंपाकी गैरहजर होता म्हणून टेबलाशी बसल्या, त्या उठल्याच नाहीत. कोठीच्या किल्ल्या हाती आल्यावर त्यांनी सगळं यान मुठीत ठेवलं. जावयाला इतकी वर्षं जे जे ऐकवायचं राहिलं होतं ते सगळं त्यांनी यानाच्या स्वयंपाकिणीच्या तोंडून ऐकवून घेतलं. नियमात बसत असल्यामुळे जावयाला हूं की चूं करता आलं नाही.

कप्तानाने नियम लिहून काढले आणि त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती मेहुण्याने छापली. मेहुण्याचा छापखाना औषधाची खोकी छापण्याचा. मुखपृष्ठासाठी वेगळा पुठ्ठा कोण आणतो, म्हणून त्याने खोकल्याच्या औषधाचा उरलेला पुठ्ठा उलटा करून लावला. बाहेर यानाचं चित्र, आणि आतल्या बाजूला ठळक अक्षरांत "वापरण्यापूर्वी चांगले हलवावे". कप्तान आठवडाभर मेहुण्याशी बोलला नाही. पण लोकांना वाटलं, हाही नियमच असणार. अजून कित्येक गावांत खेळ मांडण्याआधी पुस्तक दोन्ही हातांनी खडखडून हलवतात.

हो, कित्येक गावांत. कारण पुस्तक हातोहात गेलं, त्याच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. अनोळखी लोकांचे फोन यायचे, की आमच्या यानात स्वयंपाकी आणि डॉक्टर यांचं जमलंय, लग्नाचे नियम कुठल्या पानावर आहेत. कप्तान जेवण टाकून त्यांना उत्तरं द्यायचा.

मग आले मोठे प्रकाशक. खेळांची पुस्तकं काढणारे, काचेचं ऑफिस, बोलणं असं की समोरच्याने आपणहून पेन मागावं. त्यांनी कप्तानापुढे करारपत्र ठेवलं. कोणीही शहाणा माणूस अशा वेळी करार वाचतो. कप्तान त्यांच्या लिफ्टचा आवाज ऐकत होता. वर जाताना दोर घासतोय, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने कागदाकडे न बघताच सही ठोकली आणि म्हणाला, "साहेब, तुमची पुली एकदा बघून घेतो." पुली फुकटात दुरुस्त झाली. खेळ गेला.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिचं नाव होतं "महासंग्राम". मुखपृष्ठावर दंड फुगवलेला एक इसम, दोन्ही हातांत बंदुका, अंगात शर्ट नाही. सासूबाईंची पहिली शंका अशी की एवढ्या थंडीत अंतराळात हा उघडा का फिरतोय. आत अर्धं पुस्तक शस्त्रांचं. स्वयंपाकी काढून टाकला होता. हे मात्र सासूबाईंना खरंच लागलं.

महासंग्राम कोणी घेतला नाही. दुकानांच्या मांडणीवर तो धूळ खात पडला. कप्तानाने विनवलं, की नाही ना चालत, मग माझा खेळ मला परत द्या. प्रकाशकांनी करारातलं कलम दाखवलं: शेवटची प्रत विकली जाईपर्यंत हक्क आमचे, त्याआधी आम्ही पुन्हा छापलं तर पुढेही आमचेच. आणि खोळंबा नावाचं काहीही कोणी छापायचं नाही. मेहुण्याला तशी नोटीसही गेली.

कप्तान आतून मिटला. रविवारी लोक यायचे, तो आजारी असल्याचं सांगायचा. खेळ आपला, नाव आपलं, आणि छापायचं तर परक्याला विचारायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. झेरॉक्सची अक्षरं पुसट होत चालली होती. आणखी काही वर्षांनी खोळंबा कोणाला आठवलाही नसता.

वाट दाखवली बायकोने, तीही कपडे वाळत घालताना.

"अहो, शेवटची प्रत विकली की हक्क परत येणार ना?"

"हो."

"मग संपवा की त्या प्रती."

कप्तान म्हणाला, घेणार कोण ते भिकार पुस्तक. बायको म्हणाली, ज्यांना ते आवडत नाही ते घेतील.

गाण्याच्या बाईंनी निरोप पाठवायला घेतले. गावोगावच्या खोळंबेकऱ्यांना कळवलं, की दुकानात दिसेल तिथे महासंग्राम विकत घ्या, पण सावकाश. एका दुकानातून एकच. एकदम झुंबड उडाली तर प्रकाशकाला वाटेल पुस्तक चाललं, आणि तो नवीन छापेल. लोकांनी मान डोलावली आणि तुटून पडले. औषधवाल्यांनी तर एका दुकानातून पूर्ण गठ्ठा उचलला आणि दुकानदाराला सांगितलं, भाचरं फार आहेत. कप्तानाच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या पायाशी, जिकडे तिकडे तो उघडा इसम बंदुका रोखून उभा.

व्हायचं तेच झालं. प्रकाशकांचा फोन आला. आवाजात साखर. म्हणाले, गोदाम रिकामं झालं, पुस्तक उचललं लोकांनी, अखेर बंदुकांनी काम केलं. पुन्हा छापतोय, या पेढीवर, पुढच्या भागाचं बोलू.

कप्तानाचा चेहरा उतरला. बायकोने बजावलं, काहीही झालं तरी तिथे तोंड उघडायचं नाही. सासूबाईंनी चपला घातल्या. म्हणाल्या, "जावईबापू, मी येते. तुम्ही एकटे गेलात तर परत लिफ्टच ऐकत बसाल."

ऑफिसात काचेच्या कपाटात महासंग्रामची एकच प्रत उभी होती. टेबलावर छपाईची ऑर्डर, सहीची वाट बघत. प्रकाशक रंगात येऊन तोफांवर बोलत होते. सासूबाई उठल्या, कपाट उघडून पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचायला बसल्या.

"आजी, ती शोची आहे," प्रकाशक म्हणाले. "शेवटची उरलीय."

"बघते नुसती." त्यांनी पान उलटलं. "काय हो साहेब, इथे लिहिलंय की गोळी लागायला सहा किंवा जास्त दान पडावं. पाच पडलं तर?"

"तर नेम चुकतो."

"चुकून गोळी जाते कुठे? यानातच ना? मग भिंतीला भोक पडलं, हवा बाहेर गेली. त्याचं दान कुठल्या पानावर?"

प्रकाशकांनी पुस्तक हातात घेतलं. मागून पुढे पाहिलं, पुढून मागे पाहिलं. मग चित्रकाराला बोलावलं. तो म्हणाला, मी फक्त बंदुका काढल्या. नियम लिहिणाऱ्याला बोलावलं. तो खांदे पाडून म्हणाला, खेळून बघायला वेळ मिळाला नव्हता.

"म्हणजे पहिला नेम चुकला की सगळे मेले," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक?"

आधी टायपिस्ट हसली. मग चित्रकार. मग ज्याने नियम लिहिले होते तोही तोंड फिरवून हसला. प्रकाशक मात्र हसले नाहीत. ते कप्तानाकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढत होती.

"कप्तान, हा खेळ खेळताच येत नाही. मग माझी पुस्तकं घेतंय कोण?"

बायकोची ताकीद कप्तानाच्या कानात होती. खरं सांगावं तर हा माणूस चिडून ती एक प्रत तिजोरीत ठेवणार. गप्प बसावं तर ऑर्डरवर सही होणार. त्याने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे तुमचं तुम्ही ठरवा.

"ते संपावं असं ज्यांना वाटतं, ते घेतायत," कप्तान म्हणाला. "आमच्या घरी पलंगाखाली आहेत. उघडलीही नाहीत कोणी. साहेब, तुम्ही परत छापलीत तर ती कोणीही घेणार नाही. आता कोणाच्या घरात जागा उरलेली नाही."

प्रकाशकांनी ऑर्डरचा कागद उचलला. त्याची घडी घातली, आणि मग हसू त्यांनाही आवरेना.

"इतकी वर्षं पुस्तकं विकतोय," ते डोळे पुसत म्हणाले. "पुस्तक संपावं म्हणून लोकांनी ते विकत घेतलेलं पहिल्यांदाच बघतोय. न्या आजी ते."

"बिल करा," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं न्या म्हणाल आणि उद्या सांगाल भेट दिलं होतं."

बिल झालं. कप्तान त्या दिवशी लिफ्टने उतरला नाही; जिन्याने उतरला, दोन दोन पायऱ्या सोडून, आणि सासूबाई वरून ओरडत होत्या की पाय मोडून घ्याल.

तिसरी आवृत्ती मेहुण्याच्या छापखान्यातून निघाली. नाव खोळंबा. स्वयंपाकी परत आला, आणि आता त्याला स्वतःचं प्रकरण आहे. पुठ्ठा नवा कोरा, तरी आतल्या बाजूला "वापरण्यापूर्वी चांगले हलवावे" हे मुद्दाम छापलं. प्रकाशनाला एक मोठा हॉल घेतला. माणसं इतकी आली की खुर्च्या पुरेनात. तेव्हा बायकोने घरातले महासंग्रामचे गठ्ठे मागवले आणि दोरीने बांधून त्यांची स्टुलं केली. गावोगावचे लोक त्या उघड्या इसमावर बसून खोळंबा खेळले. प्रकाशकही आले होते. त्यांनाही तसलंच स्टूल मिळालं आणि सासूबाईंच्या यानात भांडी घासायचं काम. तक्रार न करता त्यांनी संध्याकाळपर्यंत घासली.

दुपार व्हायच्या आतच विक्रीचं टेबल रिकामं झालं होतं. मेहुणा गर्दीतून वाट काढत कप्तानाजवळ आला. कप्तान एका टेबलावर सूत्रधार होता, हातात फासे.

"सगळ्या संपल्या. बाहेर लोक उभे आहेत. परत छापायच्या तर कोणाला विचारायचं?"

कप्तानाने सवयीने आजूबाजूला पाहिलं. विचारण्यासारखं कोणी दिसेना. मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं, आणि त्याने फासे टेबलावर टाकले.

"मला विचारायचं," तो म्हणाला. "छाप."