तीन तोंडांचा नियम

मेश्राम दीदी तीन तोंडांतून ऐकल्याशिवाय एकही शब्द लिहीत नसत. छत्तीसगढात, तेलीबांध्याच्या ऑफिसात आम्ही बाकीचे खुर्चीत बसून डोक्यातून वाक्यं काढायचो. त्या वही घेऊन स्कूटरवर निघायच्या. बोललेला हुकूम यंत्राला कळावा, म्हणून माणसं तो कोणकोणत्या शब्दांत देतील ते नियमांत बांधून ठेवायचं, हे आमचं काम. धंद्यात त्याला ग्रामर म्हणतात. ग्रामरमध्ये जे नाही, त्याला यंत्र बहिरं.

"ऑफिसातला माणूस पुस्तकासारखा बोलते," त्या म्हणायच्या. "पंडरीच्या बाजारात जाऊन उभा राय, मंग समजन." त्या मराठीत बोलायच्या, मी हिंदीत उत्तर द्यायचो. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलचं, लोखंडाच्या सळ्या बनवणाऱ्या कारखान्याचं, काम आलं. हेल्मेटमधल्या माइकवर कामगार ओरडला की क्रेन थांबली पाहिजे. मालकांना एकच शब्द हवा होता, 'स्टॉप'. कामगारांना तो शिकवू म्हणाले. दीदी आठ दिवस त्या धुळीत उभ्या राहिल्या. परतल्या तेव्हा वहीत होतं 'रोक', 'बस बस', 'अबे रुक', आणि सगळ्यात शेवटी 'दाई ओ'. छत्तीसगढीतलं 'आई गं'.

मला हसू आलं. "दीदी, ये कोई कमांड है?"

"शिकवलेलं भेवात आठवते का? अंगावर लोखंड येऊन राहिलं तं माणूस मायलेच हाक मारते. तिघांच्या तोंडून ऐकलं मी."

पण 'दाई ओ' कामगार कंबर धरली तरी म्हणायचे. चाचणीत क्रेन चारदा फुकट थांबली. मालकांच्या कपाळावरच्या आठ्या पाहून मी घाबरलो आणि ग्रामरमधली 'दाई ओ'ची ओळ गुपचूप काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी दीदींच्या लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी ओळ परत लिहिली आणि मालकांना फोन लावला. "ये लाइन रहेगी. निकालनी है तो मेरे को भी निकाल दो."

फोन ठेवून मला म्हणाल्या, "फुकट थांबली तं च्या पिऊ. नाही थांबली तं खांदा द्या लागन."

मालक कुरकुरले, पण ओळ राहिली. महिन्याभरात एका कामगाराचा पाय रुळात अडकला. सळ्यांचा भारा घेऊन क्रेन त्याच्याकडे सरकत होती. 'स्टॉप' त्याला आठवलंच नाही. यंत्राच्या नोंदीत त्याचे दोनच शब्द आहेत. क्रेन हातभर अंतरावर थांबली.

बातमी मीच दीदींना सांगितली, मान खाली घालून. ओळीचा विषय त्यांनी काढला नाही. एवढंच विचारलं, "त्याच्या मायले कोणी सांगतलं का?"

कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी लगेच स्कूटर काढली. मागे मी बसलो.

गेल्या वर्षी दीदी निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. वही मला देऊन गेल्या. ती ओळ गाळलेली राहिली असती तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. नवं काम आलं की मी आधी जाऊन उभा राहतो आणि तिसरं तोंड मिळेपर्यंत परत येत नाही.