आता सगळ्यांना कळेल

कोपऱ्यावरच्या भिंतीवरचं माझं पोस्टर पाहून मी जागच्या जागी थिजले. छापलेल्या सुंदर निळ्या थेंबाच्या बरोबर मधोमध कोणीतरी जाड काळ्या पेनाने चक्क लिहिलं होतं, ‘आज पाणी साडेसहाला’.

पोस्टर आमच्या नव्या अ‍ॅपचं होतं. नळाला पाणी कधी येणार, ते फोनवर सांगणारं अ‍ॅप. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘आता सगळ्यांना कळेल!’

शेजारी पेनाचं टोपण लावत शंकरमामा उभे होते. आमच्या भागात रोज चावी फिरवून पाणी सोडतात ते.

“अहो मामा, हे अ‍ॅपमध्ये दिसतं ना!”

“आमच्या फोनात ते येतच नाही, ताई. आयफोनच लागतो म्हणे.” मग ओशाळून म्हणाले, “कागद खराब केला का हो मी?”

मी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. आयफोन एकीच्याही हातात नव्हता. आधी आयफोनवर आणू, बाकीच्यांचं मग बघू, असं आम्ही ठरवलं, तेव्हा खोलीतल्या पाचही जणांकडे आयफोन होता. पाचही! ‘बाकीचे’ हा शब्द तेव्हा किती हलका वाटला होता. आता तो हंडा घेऊन माझ्यासमोर रांगेत उभा होता.

एका बाईने पोस्टर वाचलं, मागे वळून “साडेसहाला गं!” अशी हाक दिली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ती वेळ पोचली.

माझं छापील वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं, मामांच्या पेनाने.