एरंडेल पाजलेले शूज

जालना जिल्ह्यात दोर लावून चढण्याजोगी जागा आहे असं म्हटलं की आमच्या गिर्यारोहण क्लबातले लोक हसायचे. मीही हसले होते. पण माझी कॉलेजमैत्रीण शैला लग्नानंतर जालन्याला राहायला गेली, आणि तिनं फोनवर भरीला घातलं. "आमच्या रंगनाथमामांच्या शेताला लागून दगडाची जुनी खदान आहे. बंद पडलेली. चाळीस फूट उभी भिंत, वर कडुलिंबाची दोन दणकट झाडं. तू ये तर खरी." बँकेच्या खुर्चीत बसून माझे हात लोण्यासारखे झाले होते. शनिवारची रजा टाकली, दोर आणि शूज पिशवीत कोंबले आणि बीडच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. ही गोष्ट जानेवारी २००५ ची.

बीडहून जालना एसटीनं तीन तास. भाडं तेव्हा साठ-पासष्टच्या आसपास. गोदावरीच्या पुलाजवळ शहागडला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथली भजी गरम असतील तरच घ्या. हायवेला लागून ट्रकच्या टायरांची दुकानं आहेत, जुन्या टायरांच्या माणूसभर उंच उतरंडी. जाताना मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जालन्याला शैला घ्यायला आली होती. तिथून भोकरदन रस्त्यानं काळी-पिवळी जीप, राजूर मागे टाकून केदारखेडा, माणशी पंचवीस रुपये. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती याचा निर्णय ड्रायव्हरचा. माझ्या मांडीवर एका बाईंनी बिनदिक्कत मेथीच्या जुड्या ठेवल्या. "धर बरं जरा," एवढंच म्हणाल्या.

मामा सत्तरीचे, उंच, कमी बोलणारे. मामी त्यांच्या वाटचंही बोलणाऱ्या. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. जेवण झाल्यावर मामांनी माझे क्लाइंबिंग शूज हातात घेऊन उलटेपालटे केले. ज्यांनी हे शूज पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: वरून चामडं, खाली मऊ काळं रबर, बोटांभोवती रबराचीच पट्टी, आणि पायाला इतके घट्ट की बोटं आत दुमडून बसतात. हे रबर खडकाला चिकटतं, त्याच्याच भरवशावर आपण बोटभर कंगोऱ्यावर उभे राहतो. क्लबातल्या एका सीनियरकडून मी ते जुनेच घेतले होते आणि सहा वर्षं वापरले होते.

"लईच कडक झालंय की हे," मामा म्हणाले. मी हसून मान हलवली आणि झोपायला गेले.

सकाळी उठून अंगणात आले तर शूज जोत्यावर चकाकत होते. जवळ गेले. एरंडेलाचा वास. चामड्याला, नाड्यांना, टाचेला आणि तळव्याच्या रबरालासुद्धा तेल पाजलेलं, अगदी बोट घालून फटीफटीत मुरवलेलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"त्याहीची रीतच हाय," मामी कौतुकानं सांगत होत्या. "पाहुण्याचा जोडा आपल्या घरातून कोरडा जाऊ देत न्हाईत. पहाटं शेकोटीपाशी बसून सगळ्याहीच्या वहाणांना तेल पाजित्यात. जावयाच्या बी, आन भांडी घेऊन येणारीच्या बी."

 मी मामींकडे राख मागितली, कपड्याचा साबण मागितला, तारेच्या ब्रशनं तळवे अर्धा तास घासले. अंगठ्यानं दाबून पाहिलं तेव्हा रबर चिकट वाटलं. पुढच्या टोकाला तेवढी गुळगुळीत चकाकी होती. ती दिवाळीपासून होती. ती मी पाहिली, आणि नेहमीप्रमाणे पुढे गेले.

खदान खरंच सुरेख आहे. काळा दगड, सुरुंगांनी फोडल्यामुळे धारदार कंगोरे, सकाळी दहापर्यंत सावली. जाणार असाल तर आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा आणि माथ्यावरचे सुटे दगड बाजूला करून घ्या. आम्ही वरच्या दोन्ही लिंबांना दोर बांधला. कॉलेजपासूनच्या सवयीनं खाली दोर धरायला शैला. मामा पटका सावरत बांधावर बसून बघत होते.

पंचवीसेक फुटांवर एक अरुंद कंगोरा आहे. डावा पाय त्यावर टेकवला, पूर्ण वजन दिलं, आणि पाय तिथे नव्हताच. दोरानं धरलं मला, पण मी आडवी झोका खाऊन भिंतीवर आपटले. कोपर फुटलं, गुडघ्याची साल निघाली. शैलानं हळूहळू खाली सोडलं तेव्हा मामा धावत आले होते.

"लागलं का गं पोरी?"

माझा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी तो सुटलाच.

"तुमच्या तेलानं आज मान मोडली असती माझी! कुणी सांगितलं होतं हात लावायला? न विचारता?"

शैला पांढरीफटक पडली. मामांनी पटक्याच्या शेवानं दोन्ही हातांची बोटं पुसली. त्यांना काही लागलेलं नव्हतं, तरी पुसत राहिले. "चुकलं पोरी," म्हणाले.

घरी मामींनी हुरड्याची कणसं आणून ठेवली होती, आगटी पेटवली होती. "चार दाणे तरी खाऊन जाय गं." मी नाही म्हटलं, पिशवी भरली आणि निघाले. भरल्या ताटावरून उठण्यातलाच हा प्रकार, हे मला कळत होतं. शैला जीपमध्ये जालन्यापर्यंत तोंड फिरवून बाहेर बघत बसली.

परतीची एसटी नेमकी शहागडला पंक्चर झाली. "अर्धा घंटा लागंल," कंडक्टर म्हणाला. समोरच टायरवर रबर चढवणाऱ्याचं दुकान होतं. खलीलचाचा नावाचे साठीचे गृहस्थ एका ट्रकच्या टायरवर पालथा हात फिरवत बसले होते. माझ्या मनात आलं, तेलानं रबराची किती वाट लागली ते तरी विचारावं. खरं सांगायचं तर मला साक्षीदार हवा होता.

भिंतीवरून पडल्याची सगळी हकिकत ऐकून त्यांनी डावा शूज घेतला, टाचेला नख रोवलं, वास घेतला, पात्याच्या टोकानं बारीक कपची काढली.

"एरंडी. पन वरवर हाय. आत बिलकुल गेलं न्हाई. तुमी घासलं बी बराबर."

"मग मी पडले कशी?"

त्यांनी शूजमध्ये हात घातला आणि अंगठ्याच्या जागी आतून बोट दाबलं. बाहेरून मला त्यांचं नख दिसलं. रबरातून नाही. रबर तिथे नव्हतंच. तळवा संपला होता, वरची रबराची पट्टी संपली होती, झिरझिरीत कापडाचे चार धागे उरले होते आणि त्या धाग्यांतून एका अनोळखी माणसाचं नख माझ्याकडे बघत होतं.

"हितं रबरच न्हाई ताई," चाचा शांतपणे म्हणाले. "तेल कुनाला लागनार?"

 पडले तेव्हा इतकी हादरले नव्हते.

"उजवा बघा, चांगला हाय. डावाच खाल्लाय, तो बी फकत पुढून. ह्यो पाय तुमी ठेवीत न्हाई, भिंतीवरून घासत वर नेता." त्यांनी मघाच्या टायरवर थाप मारली. "हे बी एकाच बाजूनं खाल्लंय. असं टायर आलं की आमी टायरला काय बोलत न्हाई. डायवरला विचारतो."

क्लबात नव्या मुलींना मी स्वतः शिकवत होते, पाय बघून ठेवा, घासू नका, रबर पुढून जातं. आणि ती चकाकी मला दिवाळीपासून दिसत होती. नवा तळवा बसवायला शूज पुण्याला पाठवावे लागतात, महिनाभर अडकतात, म्हणून मी या ट्रिपला तेवढं चालवून घ्यायचं ठरवलं होतं. मी, दुसऱ्या कुणी नाही.

"तुम्ही चढवाल का रबर?" मी कसंबसं विचारलं.

"टायरचं चढवलं तर धा वर्सं टिकंल. पन दगडावर घसरंल. तुमचं मऊ हाय म्हनून धरतं, आन धरतं म्हनूनच झिजतं. हे माझं काम न्हाई. मी चढवलं आन तुमी पडल्या तर मंग?" त्यांनी शूज परत दिला. पैसे घेतले नाहीत.

घरी पोचून शैलाला फोन केला, सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? त्यांना जाऊन सांग."

म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता, तीच जीप, पण सोबत शैला नाही आणि पिशवीत दोर नाही. मामा अंगणात होते. मी शूज पुढे केला, आत बोट घालून नख दाखवलं आणि म्हटलं, "मामा, तेलानं नाही पडले. माझ्या आळसानं पडले. तुम्हाला नको ते बोलले."

मामांनी ते भोक पाहिलं. "आता गं! ह्याच्यावर चढली व्हतीस तू?" ते माझ्यापेक्षाही जास्त हादरले. मामींना हाक मारून कणसं भाजायला सांगितली. मी पोट फुटेस्तोवर हुरडा खाल्ला. हात धुताना मामी हळूच म्हणाल्या, "तू गेल्यापासून तेलाची बुधली खाली काढली न्हाई बघ. परवा जावई आल्ते. त्याहीच्या वहाणा तशाच गेल्या."

मी दारातून माझ्या साध्या चामड्याच्या चपला उचलल्या आणि मामांपुढे ठेवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, फळीवरची बुधली काढली. पट्टे झाले, कडा झाल्या. मग चपला उलट्या करून त्यांचा हात थांबला.

"तळव्याला लावू का नगं?"

"लावा मामा," मी म्हटलं.

शूजना नंतर पुण्यात नवीन रबर चढलं. आता दर वेळी चढण्याआधी मी आतून बोट घालून दाबून बघते. तुम्हीही बघा, पट्टीला भोक पडायच्या आधीच तळवा बदला, आणि पाय घासू नका. एवढं शहाणपण या सहलीतून फुकट मिळालं. पण त्या रविवारी बीडला घरी आले तेव्हा दारातल्या फरशीवर चपलांचे तेलकट ठसे उमटले. आईनं विचारलं, "कुणी पाजलं गं इतकं तेल?" मामांनी, म्हटलं. ठसे पुसायला फडकं घेऊन बसले आणि डोक्यात एकच येत राहिलं. जन्मभर कुणाला न विचारता तेल लावणारा माणूस, आणि मी त्याला विचारायला लावलं.