निम्मा धूर

आमच्या खात्यात त्यांना सगळे धूरकाका म्हणतात. वीजघरं, गाड्या, गोठे, कचरा यांतून वर्षभरात किती वायू हवेत जातो, याची मोजदाद ते सरकारसाठी करतात आणि तो कमी कसा करायचा याचा आराखडाही तेच लिहितात. चहात साखर घालतानाही चमचा सपाट करून घेणारा माणूस. त्यांच्याच हातून ती चूक व्हावी, याचा मला शेजारच्या टेबलावर बसून अजून राग येतो.

या मोजदादीच्या पहिल्या वर्षी कचरा डेपोचा वजनकाटा बंद होता. काका दिवसभर फाटकाशी उभे राहिले, गाड्या मोजल्या, तीनशे पासष्टने गुणलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'तात्पुरता आकडा'. आदल्या दिवशी गाडीवाल्यांचा संप होता, म्हणून त्या दिवशी दुप्पट गाड्या आल्या, हे त्यांना कळलं वर्षभराने. तोवर ते 'आधारवर्ष' ठरलं होतं. पुढची सगळी घट त्याच्याशीच ताडून पाहायची. काटा दुरुस्त झाला, खरं वजन आलं आणि डेपोचा वायू कागदावर निम्मा झाला. कोणी इकडची काडी तिकडे न करता! खात्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. डेपोतला वायू नळांनी ओढून घ्यायचा प्रकल्प आराखड्यातून गळला. उद्दिष्ट गाठलंय, मग खर्च कशाला?

डेपोच्या भिंतीला लागूनच काकांची थोरली बहीण राहते. काकांनी दुरुस्तीची सहा टिपणं लिहिली. सहाही 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली.

यंदाच्या अहवालावर सहीची वेळ आली तेव्हा ते साहेबांकडे गेले. मी सोबत होते.

"साहेब, आधारवर्षाचा आकडा चुकीचा आहे."

"कोणी काढला?"

"मीच."

"आणि बारा वर्षं सहीही तुमचीच. चौकशी लागली तर पहिले तुम्हीच. निवृत्तीला सात महिने राहिलेत काका, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकांनी सही केली. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. त्यांच्या जागी मी तरी काय केलं असतं?

संध्याकाळी मीच त्यांना स्कूटरवरून बहिणीकडे सोडलं. डेपोतला कचरा आतून धुमसतो, म्हणून आक्कांची मागची खिडकी आठ वर्षं बंद आहे, फटींत चिंध्या कोंबलेल्या. आक्कांनी पाणी दिलं, खोकला आवरला.

"काय रे, ते नळ कधी बसवणार?"

"आता नाही बसवणार, आक्का." काका पेल्यात बघत म्हणाले. "इथला धूर निम्मा झालाय. सरकारी मोजणी आहे."

"निम्मा? कोणी मोजला?"

"मी."

"मग बरोबरच असणार," म्हणत आक्का उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि फटीतल्या चिंध्या एकेक करून काढू लागल्या.