पाच कॅप्टन

मुलीच्या कॉलेजातल्या बास्केटबॉलच्या मॅडम गळ्यातली शिट्टी चहा पितानाही काढत नाहीत. वलगावला आमच्या घरी येऊन, बशीत फुंकर मारत म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी कॅप्टन हाय. तिच्याबिगर टीम अकोल्याले जात नाही."

मी छाती फुगवून हो म्हटलं. सामना बघायला स्वतःही गेलो.

अकोल्यात मैदानाच्या कडेला आम्ही पाच बाप भेटलो. पाचही जण कॅप्टनचे! मिळून मॅडमला जाब विचारायला गेलो.

"मंग? कॅप्टन नाही म्हटलं असतं, तं पाठवली असती काय?"

मी विचारलं, "मग खरी कॅप्टन कोण?"

मॅडमनी लांब वेणीच्या एका पोरीकडे बोट केलं.

"ते. तिच्या बापाले वाटते, कॉम्प्युटरच्या परीक्षेले आली."