ताटाची डावी बाजू

मंदावहिनी ताट वाढायला घेत ते डावीकडून. आधी मीठ, मग लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर. हे सगळं जागेवर बसल्याशिवाय भाजीच्या पातेल्याला त्यांचा हात लागत नसे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन मी कोल्हारला आलो आणि त्यांच्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणालो, वहिनी, चटणी राहू द्या, भाजी-भाकरी आणा. त्यांनी ओट्यावरूनच मला सुनावलं, "डावी बाजू मोकळी ठिवून ताट देनं म्हंजी पाव्हण्याला 'जेवा आन निघा' म्हनल्यावानी हाय. बसा गप."

मी गप बसलो आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच जेवलो.

वहिनी ओट्यावर ताटं भरायच्या आणि त्यांचे यजमान रावसाहेब ती टेबलांवर नेऊन ठेवायचे. रावसाहेब अबोल, त्यांच्या वाटणीचंही वहिनीच बोलून टाकत. कुणाची भाकरी संपत आली, कोण आज नुसताच घास चिवडतोय, हे वहिनींना पाठमोरं असतानाही कळे. मी पुरे म्हटलं की म्हणत, "ही झाली बँकेची भूक, आता तुमची सांगा." एवढं लक्ष कसं राहतं, असं एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी साधं उत्तर दिलं. "जेवनारा लाजतो, सायेब. म्हनून वाढनारीनं बघावं लागतं."

त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. एका सकाळी भाकरी थापता थापता डावा हात परातीतच पडून राहिला. अंगावरून वारं गेलं. गावात कुणाला खरं वाटेना, कारण हा म्हाताऱ्यांचा आजार. नगरला दवाखाना झाला, घरी व्यायाम झाला, आणि वहिनी उठल्या, चालू लागल्या, हातही वळू लागला. भेटेल तो म्हणे, देवाची कृपा, पहिल्यासारख्या झाल्या. खानावळ उघडली त्या दिवशी आम्ही नेहमीचे सगळे हजर होतो.

ताट आलं. उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भाकरी. डावीकडे नुसतं लख्ख स्टील.

गडबडीत राहिलं असेल असं वाटलं, पण मग ते रोजच तसं येऊ लागलं. आजारातून उठलेल्या बाईला चटणी काय मागायची, म्हणून आम्ही गप्प. रावसाहेब सांगायला गेले की त्या उसळत, वाढलंय की, डोळे फुटले का? एका नव्या गिऱ्हाइकाने इथे चटणीचीही काटकसर दिसते असं म्हटलं, तर वहिनींनी उलथणं आपटलं. पूर्वी त्यांनी त्याची अशी फिरकी घेतली असती की तो हसत जेवला असता. आता दोन माणसं एकदम बोलली तरी त्या डोकं धरून बसत. तव्यावर लक्ष दिलं की आमटी उतू जाई. हातपाय तर धड आहेत, मग ही सोंगं कसली, असं लोक बोलायचे. मला त्या लोकांचा फार राग येई.

नगरच्या डॉक्टरांनी रावसाहेबांना समजावलं होतं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूला बसलेल्या मारामुळे डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. आणि येत नाही हेही त्यांना कळत नाही. रावसाहेबांनी मला ते सांगितलं. वहिनींना कसं सांगावं हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

एका दुपारी गिऱ्हाईक आवरलं होतं, मी तेवढा रेंगाळलो होतो. रावसाहेबांनी वाढून दिलेलं ताट घेऊन वहिनी जेवत होत्या. उजवीकडची भाजी आणि उजवीकडची अर्धी भाकरी संपवून त्या म्हणाल्या, आवो, मला चटणी न्हाई वाढली. रावसाहेब उठले आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. चटणी, लिंबू, कोशिंबीर, उरलेली भाकरी, सगळं वहिनींच्या उजव्या हाताशी आलं. त्या वाकून ताटाकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता चिडतील.

"म्हंजी मी समद्यांना असंच वाढत हुते?"

रावसाहेबांनी मान डोलावली.

"मानसं लाजली," त्या म्हणाल्या, "आन मी बघितलंच न्हाई."

आणि त्या रडू लागल्या. पाय ओढत चालत होत्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्या ताट फिरवून वाढायला शिकल्या. उजवीकडचं वाढायचं, ताट फिरवायचं, राहिलेलं वाढायचं, पुन्हा सरळ करायचं. पण सरळ केलं की चटणी परत दिसेनाशी व्हायची, मन खायचं, आणि ताट पुन्हा फिरायचं. कधी चटणी दोनदा पडायची. ट्रकवाल्यांना आणि कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांना एवढा दम कुठून असणार? हळूहळू टेबलं रिकामी राहू लागली, आणि रावसाहेबांनी खानावळीची पाटी उतरवली.

पुढे माझी जामखेडला बदली झाली. निघण्याआधी जेवून जा, असा वहिनींचा निरोप आला. मी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ताट भरत होत्या. रावसाहेबांनी मला खुणेनेच जवळच्या खुर्चीवर बसवलं. वहिनी वाढत होत्या, ताट फिरवत होत्या, पुन्हा बघत होत्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कुठेच जागा मोकळी राहिली नाही. मला फार आनंद झाला.

ताट पुढे सरकवून त्या रावसाहेबांना म्हणाल्या, "सायेब आजून कसं आलं न्हाईत?"

मी त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर बसलो होतो. आलोय वहिनी, असं मी म्हणालो, तर त्या उजवीकडे दाराकडे बघून मला शोधू लागल्या. रावसाहेबांनी मान खाली घातली. मी उठलो, त्यांच्या मागून वळसा घेतला आणि उजव्या बाजूला जाऊन बसलो. त्यांचा चेहरा फुलला.

"कवा आलात? बसा. आन नीट बघा, काय राह्यलंय का ताटात."

मी बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी नीट बघितलं.

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. "सगळं वाढलंय."