फाटकापर्यंत बासष्ट पावलं

केंबांग कोर्ट ह्या आमच्या वसाहतीच्या फाटकातून आत आलं की वाटेच्या शेवटी डाव्या हाताला सिमेंटचं एक बाक होतं. रोज दुपारी चार ते सहा हर्षावहिनी त्यावर बसलेल्या असत. मांडीवर ताट, ताटात लसूण. "आख्ख्या बुकित बातोकचा लसूण आमची बायको सोलते," असं मनोहरदादा म्हणायचे. आत येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी नावाने हाक मारत. "काय अमेय, आज लवकर?" "मॅडम क्वेक, नवीन चपला?" नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिला महिनाभर कळायचंच नाही, की ह्या बाईंना दिसत नाही.

काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, चार-पाच वर्षं मिळतील. दुसरी कोणी असती तर त्या वर्षांत फिरून आली असती, नातेवाइकांना भेटून आली असती. वहिनींनी काय केलं, तर थोडं थोडं दिसत होतं तेव्हाच डोळे मिटून घरात फिरायला सुरुवात केली. चुकलं की डोळे उघडायचे, बघून घ्यायचं, परत मिटायचे. दारापासून लिफ्ट चौदा पावलं. लिफ्टपासून बाक तेवीस. बाकापासून फाटक बासष्ट, त्यात एकेचाळिसाव्या पावलाला पत्रपेट्यांजवळची डगमगती फरशी. ती फरशी एकदा दुरुस्त करायला माणसं आली तर वहिनींनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. "ती माझी खूण आहे, राहू द्या."

पूर्ण अंधार झाला तेव्हा त्यांचा अभ्यास पुरा झाला होता.

मी बावीस वर्षं त्यांच्या समोरच्या दारात राहिले. मी सोलापूरची, मराठी शाळेतली. इथे परदेशात आले तेव्हा दुकानात भाव विचारायलाही घाबरायचे. वहिनी हात धरून मला बाजारात घेऊन गेल्या. पुढे त्यांचा हात मी धरायला लागले, तोही फक्त फाटकाबाहेर. आत यायच्या तेव्हा फाटकाशीच हात सोडून द्यायच्या. "आता मी माझ्या घरी आले, सोड." मनोहरदादांना मी भाऊबीजेला ओवाळायची. माझ्या घरी गुरुवारी दत्ताची आरती असते, दोघं न चुकता यायचे. माझे यजमान, सुबोध, तबक धरायचे. त्यांच्या घोट्याचं हाड चालताना कटकट वाजतं, कॉलेजात क्रिकेट खेळताना दुखावलेलं. लिफ्टचं दार उघडलं की वहिनी घरातूनच सांगायच्या, "सुरेखा, भावजी आले, चहा टाक." माझ्या आधी त्यांना कळायचं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन होणार, हे जाहीर झालं तेव्हा मी पेढे वाटले होते. खरंच. आवारातल्या पन्नासही घरांत. वहिनींना आता बसची वाट बघायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. स्टेशन आपल्यासाठी येतंय असं मला वाटलं. ते येणार म्हणून आपल्याला जावं लागेल, हे कुठून सुचणार!

वर्षभराने सरकारचा नवा आराखडा आला. त्यात स्टेशनच्या भोवतीची जमीन गडद रंगाने दाखवली होती, म्हणजे तिथे आता जास्त उंच, जास्त घरं बांधायची. आमच्या पन्नास घरांच्या जागी दोनशेच्या वर बसत होती. मग बिल्डर आला. कायदा असा, की पन्नासातल्या चाळीस घरांनी सही केली की सगळं आवार विकता येतं, उरलेल्या दहांना आवडो न आवडो.

तळमजल्याच्या हॉलमध्ये सभा झाली. दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. पाइप गळतात, लिफ्ट महिन्याला बंद पडते, हे खोटं नव्हतं. मी उठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, की इथे म्हातारी माणसं आहेत, ती कुठे जातील. तर अमेय, पुण्याचा, तिसऱ्या मजल्यावरचा, मराठीत म्हणाला, "काकू, एवढी ट्रेन सरकारने काय फक्त पन्नास घरांसाठी आणलीय? दोनशे कुटुंबांना स्टेशनजवळ घर मिळालं तर तुमचं काय बिघडतं?"

मी खाली बसले. तो मुलगा चुकीचं बोलला नव्हता आणि त्याने सही करणार असल्याचं तोंडावर सांगितलं. त्याचा मला कधीच राग आला नाही.

वहिनी उभ्या राहिल्या. "बांधा की उंच," त्या हसत म्हणाल्या, "मला काय, मला थोडीच दिसणार आहे! पण मला हे आवार शिकायला चार वर्षं लागली, तीही थोडं दिसत होतं म्हणून. नवीन जागा आता कशी शिकू? तेवढं कोणी सांगा, मग मीच पहिली सही करते."

मग मिस्टर गोह म्हणून विक्रीच्या समितीचे प्रमुख होते, त्यांनी घसा साफ करून पुढचा मुद्दा घेतला.

मनोहरदादा सहा महिने घरोघर फिरले. कागद नाही, काही नाही. समोर बसायचे, चहा घ्यायचे आणि सही न करण्याचा शब्द मागायचे. त्यांचं स्वतःचं धरून दहा आणि आमचं एक, अशी अकरा घरं झाली. अकरा घरं टिकली तर सह्या एकोणचाळीसच्या वर जाऊ शकत नाहीत. आमच्याकडे तर शब्द मागायचीही गरज पडली नाही. गुरुवारी आरती झाल्यावर सुबोधनी तबकातल्या ज्योतीवर हात धरला आणि आपणहून म्हणाले, "वहिनी, हे घर तुमच्या पायाखालून जाणार नाही. दत्तासमोर सांगतो." वहिनींनी नुसती मान हलवली. मी डोळे पुसले. आमची इरा इथल्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, इट्स ओन्ली अ हाउस लाह," तर मी तिला गप्प बसवलं.

सह्या घ्यायला वकील दर दुसऱ्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये बसायचे. किती झाल्या तेवढा आकडा सूचनाफलकावर लागायचा. नावं नाहीत. सदतीस. अडतीस. एकोणचाळीसवर येऊन आकडा दोन महिने थांबला. मी रोज जाता येता फलकाला नमस्कार करायची, देवळाला करावा तसा.

आणि एका सोमवारी तिथे चाळीस होतं.

मनोहरदादा फलकासमोर उभे होते, भाजीची पिशवी हातात. "अकरांतलं कोणीतरी," एवढंच म्हणाले आणि जिन्याने वर गेले, लिफ्टची वाट न बघता.

मी मात्र पेटून उठले. तीन आठवडे दारोदार फिरले. कोणी केली सांगा. सगळे नाही म्हणाले. मला संशय आला दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम क्वेकचा. ऐंशीच्या घरातली एकटी बाई, मुलगा दर रविवारी येतो. त्या महिन्यात तो नव्या गाडीतून आला होता. मी त्यांच्या जाळीच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "युअर सन बॉट न्यू कार. नाऊ वी ऑल नो." त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी विसरू शकत नाही. त्यांनी आतलं लाकडी दार हळूच लावून घेतलं.

खाली येऊन मी वहिनींजवळ बाकावर बसले. "देवाला घाबरत नाहीत ही माणसं," मी म्हटलं. "शब्द देऊन फिरतात. ज्याने केलंय ना, त्याच्या घरी मी पाणी पिणार नाही."

"राहू दे ग, सुरेखा."

"का राहू दे? वहिनी, तुम्ही तर इथेच बसता. हॉलचं दार इथून दहा पावलांवर. तुम्ही पावलांवरून सगळ्यांना ओळखता. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी आत कोण गेलं, सांगा ना!"

त्यांचे हात थांबले. लसणाची पाकळी बोटांत तशीच राहिली. "मी झोपले होते," त्या म्हणाल्या. "बाकावर डोळा लागला होता."

बावीस वर्षांत ती बाई दुपारी झोपलेली मी पाहिली नव्हती. आणि खोटंही बोलली नव्हती; त्यांना ते जमायचंच नाही, लगेच कान लाल व्हायचे. त्यांचे कान लाल झाले होते. मी बघत बसले. ही बाई खोटं कोणासाठी बोलेल? मॅडम क्वेकसाठी बोलणार नाही. परक्या कोणासाठी बोलणार नाही. जिच्या संसाराला धक्का लागू नये असं त्यांना वाटेल अशी त्या आवारात एकच होती.

मी घरी गेले. सुबोध जेवायला बसले होते.

"अहो, तुम्ही सही केलीत?"

"कोणी सांगितलं?"

नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. इतकी मी तयार होते. पण ते "कोणी सांगितलं" म्हणाले. पुढचं ऐकायच्या आधीच मी खुर्ची ओढून बसले.

"त्या शनिवारी तू आणि इरा भजनाला गेला होतात," ते म्हणाले. "हे बघ, ऐंशी टक्के आज ना उद्या होणारच होते. मी अठ्ठावन्नचा झालो. अशी किंमत परत येत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू वहिनींना सांगितलं असतंस."

"ज्योतीवर हात धरला होतात. कोणी मागितलं नव्हतं."

"त्या वेळी मला तसंच वाटत होतं. खोटं नव्हतो बोललो." त्यांनी ताटातला भात गोळा केला. "आणि फ्लॅट माझ्या नावावर आहे. कायद्याने तुला विचारायची गरज नव्हती."

ते खरंच होतं. बावीस वर्षं मी ज्याला आमचं घर म्हणत होते, त्याच्या कागदावर मी नव्हतेच. मला ते माहीतही होतं. फक्त त्याने कधी फरक पडेल असं वाटलं नव्हतं. सही करून आल्यावर तीन गुरुवार झाले होते. तिन्ही गुरुवारी त्यांनी तबक धरलं होतं आणि वहिनींनी त्याच तबकावरून हात फिरवून डोळ्यांना लावला होता. माहीत असून.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं."

"घोटा वाजला ग," त्या म्हणाल्या. "भावजी हॉलच्या दाराशी थांबले. माझ्याकडे बघत असणार. मग आत गेले."

"आणि तुम्ही मला लोकांच्या दारात भांडायला जाऊ दिलंत? मॅडम क्वेकला मी काय काय बोलले!"

"अडवलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस." मग म्हणाल्या, "माझं घर तर गेलंच होतं. तुझं कशाला मोडायचं? ह्यांनाही सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. त्यांना तुझ्या भाऊबीजेला यायचंय."

खरं सांगते, मला तेव्हा त्यांचाही राग आला. मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत, आणि मीच तेवढी सत्याची बाजू घेऊन जिने चढत होते. पण गप्प राहून मनोहरदादांना ओवाळणं माझ्या हातून झालं नसतं. मी जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत." मला ते कधी तुम्ही म्हणत नसत. भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली. ते आले नाहीत. पुतण्याच्या हाती ओवाळणीचं पाकीट आलं.

मॅडम क्वेककडे नारळाच्या वड्या घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी डबा जाळीतून घेतला. जाळी उघडली नाही.

विक्री झाली. सगळे पांगले. आम्ही जवळच भाड्याने राहतो. गुरुवारी तबक मी एकटी धरते. सुबोध त्या वेळी फिरायला जातात. मीच तसं सांगितलंय. मनोहरदादा आणि वहिनी टॅम्पिनीसला गेले, पुतण्याच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये, अकराव्या मजल्यावर. माझ्याकडून ट्रेनने सव्वा तास. मी दर मंगळवारी जाते आणि आम्ही दोघी मोजतो. दारापासून लिफ्ट एकोणीस पावलं. लिफ्टपुढे मात्र मोकळी जागा आहे, हाताला भिंत नाही, खुणेची फरशी नाही, चारी बाजूंना सारखंच. तिथे वहिनींचा आकडा दर वेळी चुकतो. कधी चोवीस, कधी एकतीस. "दमले ग," म्हणून परत फिरतात. आता त्या माझा हात दारातही सोडत नाहीत, आत खुर्चीपर्यंत धरून ठेवतात.

गेल्या मंगळवारी मी गेले तेव्हा जाळीचं दार उघडं होतं. मनोहरदादा औषधं आणायला गेलेले. वहिनी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात लसूण. मी चपला काढल्या, नेहमीसारखी चालत आत गेले. माझं डावं पाऊल घासतं, हे मला त्यांनीच वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

त्यांनी मान वर केली. हात थांबले.

"कोण आहे?" त्या म्हणाल्या. आवाजात भीती होती.

मी उभी राहिले. इथली फरशी गुळगुळीत आहे, सगळ्यांची पावलं सारखीच वाजत असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

"मी सुरेखा," मी म्हटलं.